नायगाराच्या बेटाचा धडा

उद्याने राखणे हा सुखवस्तूंचा छंद आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीशी त्याचा संबंध नाही, असा समज पुरोगामी कार्यकर्त्यांतही आढळतो. अमेरिकेतील नायगारा नदीमधल्या गोट आयलंड या लहानशा बेटाचा इतिहास तो खोडून काढतो.

या बेटामुळे प्रवाह दुभंगून धबधब्याचे दोन भाग होतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेट पोर्टर कुटुंबाच्या मालकीचे झाले. त्यांनी तेथील वनराई राखली, हे मान्य केले पाहिजे. परंतु पैसे मोजल्यावाचून बेटावर पाऊल ठेवता येत नसे. काठावर गिरण्या, दुकाने आणि कुंपणे यांची दाटी झाली. १८७० च्या सुमारास अमेरिकन काठावरून धबधबा फुकट पाहता येईल अशी जागाच उरली नाही. धबधबा कोणी निर्माण केला नव्हता. खंड मात्र मूठभर मालक वसूल करीत होते. अनर्जित उत्पन्नाचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

याविरुद्ध उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि त्यांचे सहकारी यांनी लोकमत संघटित केले. देखाव्यासाठी सरकारी तिजोरी का रिती करावी, हा आक्षेप तेव्हाही होताच. तरीही १८८३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने भूसंपादनाचा कायदा केला. वाहत्या पाण्याच्या शक्तीचीही किंमत मालकांनी मागितली. नदी सार्वजनिक आहे, या भूमिकेवरून ती मागणी फेटाळण्यात आली. जमिनीपोटी सुमारे १४ लाख ३३ हजार डॉलर देण्यात आले आणि १५ जुलै १८८५ रोजी बेटासह सारा परिसर सर्वांना विनामूल्य खुला झाला.

लढा मात्र तेथे संपला नाही. १८८७ च्या आराखड्यात ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी बेटावर धंदेवाईक बांधकामे नकोत, असे बजावले होते. आज प्रवेश विनामूल्य आहे. पण बेटावर उपाहारगृह आहे, वाहनतळाला शुल्क आहे आणि धबधब्याच्या पायथ्याशी जाण्यास तिकीट आहे. दारावरचा पथकर गेला, तरी अंगणात गल्ला मांडला जाऊ शकतो.

सार्वजनिक मालकी कायद्याने मिळते. ती टिकते लोकांच्या जागरूकतेने. ज्याच्या घरी अंगण नाही, त्याला नदीकाठ हेच अंगण असते. त्या अंगणाचे राखण करणे हे चळवळीचे दुय्यम काम नव्हे.