भंगारातली विद्या

जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत पहिला मान मिळतो तो कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राखलेल्या गाडीला. रंग मूळचा, दिवे मूळचे, इंजिनावरचा क्रमांकही मूळचा. इंग्लंडातील अशा मेळाव्यांत मात्र या खानदानी ताफ्याशेजारी आणखी एक जात हटकून दिसते. तिचा सांगाडा एका मोडीत निघालेल्या गाडीचा, गिअरपेटी दुसरीची आणि वरचा पत्रा मालकाने स्वतः ठोकून वाकविलेला. अशा शर्यती थाटाच्या गाडीला तिकडे ‘स्पेशल’ म्हणतात. तिला वंशावळ नसते. पण एका पिढीचे अभियांत्रिकी शिक्षण या बेवारस गाड्यांनी केले, ही गोष्ट आपण ध्यानात घेण्याजोगी आहे.

बहुसंख्य स्पेशल गाड्यांचे मूळ ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या मोटारीत सापडते. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी ती आपल्या घरच्या बिलियर्डच्या खोलीत, स्टॅनले एज या अठरा वर्षांच्या आरेखकाला हाताशी धरून आखली आणि १९२२ साली बाजारात आणली. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. वरचा साटा कुजला तरी खालचा सांगाडा, आस आणि ७४७ घनसेंटिमीटरचे इंजिन शाबूत राही. भंगारवाल्याकडून तेवढे उचलावयाचे, पुढचे पाटे चपटे करून गाडी जमिनीलगत आणावयाची, स्टिअरिंगचा दांडा कलता करावयाचा आणि पत्र्याचा हलका दोन आसनी साटा वर चढवावयाचा. वजन घटले की वेग वाढतो, हा पहिला धडा. वेग वाढला की तारांनी ओढले जाणारे जुने ब्रेक अपुरे पडतात, हा दुसरा. पाठ्यपुस्तकात दोन्ही धडे आहेतच. पण उतारावर गाडी थांबेनाशी झाली म्हणजे ते जसे उमगतात, तसे फळ्यावर उमगत नाहीत.

या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी सामान्य नव्हते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामशास्त्र शिकणाऱ्या कॉलिन चॅपमनने १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर, मैत्रिणीच्या घरामागील गॅरेजात, अॅल्युमिनिअम चढविलेल्या प्लायवुडचा साटा बसविला. ती पहिली लोटस. १९६३ साली लोटस चालवूनच जिम क्लार्क जगज्जेता झाला. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅकलॅरन या मुलाने वडिलांनी सुट्या भागांच्या रूपात आणलेली ऑस्टिन सेव्हन त्यांच्यासह जोडली. त्याच्या नावाचा संघ २०२४ साली फॉर्म्युला वनमध्ये अव्वल ठरला.

केवळ टंचाईने हे घडविले, असे कोणी म्हणेल. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलवर नियंत्रण होते आणि नव्या गाड्या निर्यातीसाठी राखल्या जात, हे खरे. परंतु टंचाई तर आपणही दशकानुदशके भोगली; स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसणारी पिढी अद्याप हयात आहे. ब्रिटनमध्ये टंचाईच्या जोडीला दोन गोष्टी होत्या. १९३९ साली स्थापन झालेल्या ‘सेव्हन-फिफ्टी क्लब’ने पुढे बेताच्या मिळकतीच्या माणसाला परवडतील अशा शर्यतींचे नियम केले, आणि घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याची वाट कायद्याने बंद केली नाही. आजही तेथे अशी एकच गाडी असली तरी तिची स्वतंत्र तपासणी होऊन तिला नोंदणी मिळू शकते.

आपल्याकडे काय आहे? केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. निर्णय स्वागतार्ह होता. पण गाडी मूळ स्वरूपात हवी आणि सांगाडा, साटा वा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे वारसा जपणाऱ्याला दार उघडले. घडविणारा बाहेरच राहिला. नवी गाडी म्हणून नोंदवावी, तर आधी तिचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. लाखो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला हा खर्च जाणवत नाही. एकच गाडी बांधणाऱ्याला तो झेपणार कसा?

याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. सांगली जिल्ह्यातील एका लोहाराने भंगारातील भाग जोडून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनविली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या थांबविली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्याला मिळाली. उद्योगपतीचे औदार्य निर्विवाद. परंतु प्रत्येक कारागिराला महिंद्र भेटत नाहीत, आणि कायद्याची उणीव औदार्याने भरून निघत नाही.

नियम सैल करा, असे येथे सुचवावयाचे नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे कच्च्या जोडकामाच्या गाड्या मोकळ्या सोडणे हा गुन्हाच ठरेल. पण तपासणी आणि बंदी यांत अंतर आहे. ब्रेक, स्टिअरिंग, जोडकाम आणि दिवे यांची कसून परीक्षा घ्यावी; उत्तीर्ण गाडीला वेगळ्या खुणेचा क्रमांक, ठरावीक अंतर आणि वेगाची मर्यादा द्यावी; नापास झालेल्या गाडीच्या मालकाला दोष लेखी कळवावेत, म्हणजे तो सुधारून पुन्हा येईल. शासकीय तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांना हे काम सोपविल्यास विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष गाडीवर हात चालविता येईल.

पदवी हाती असूनही पाना धरता न येणाऱ्या अभियंत्यांविषयी आपण परिसंवादांतून चिंता वाहतो. भंगाराच्या ढिगातून गाडी उभी करणाऱ्या मुलासाठी मात्र आपल्या कायद्यात साधा अर्जाचा नमुनादेखील नाही. तो आधी छापावा. परिसंवाद नंतर भरविता येतील.