सेम कंटेंट आहे, घ्या!

मेडिकलमध्ये पाच गोळ्या मागितल्या की उत्तर ठरलेलं : “पूर्ण स्ट्रिप घ्यावी लागेल.” चिठ्ठीवरचं औषध नसलं तर दुसऱ्याच कंपनीची पट्टी पुढे सरकते. “सेम कंटेंट आहे, घ्या.” आपण घेतो, कारण मागे गर्दी असते आणि घरी तापानं फणफणलेलं पोर.

कंटेंट अनेकदा सेम असतंही. पण हे ठरवणार कोण? १९४५ च्या औषध नियमावलीतला नियम ६५ सांगतो, चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यायचं आणि त्याऐवजी परस्पर दुसरं द्यायचं नाही. फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये असतं. गृहस्थ स्वतः कधी दिसले तर नशीब. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर औषध कसं घ्यायचं हे रुग्णाला समजावणं त्यांचं कामच ठरवलं. आपल्याकडे समजावणं म्हणजे पाकिटावर पेनानं ओढलेल्या तीन रेघा.

दुकानदाराचीही अडचण आहे. पट्टी कापली आणि बॅच क्रमांक, मुदत छापलेला तुकडा गेला, की उरलेल्या गोळ्या विकायच्या कशा? हा प्रश्न खरा कंपन्यांना विचारायला हवा. प्रत्येक गोळीमागे मुदत छापणं काही अशक्य नाही.

“बिल हवं तर जीएसटी लागेल” हे मात्र ऐकून घेऊ नका. छापील किमतीत कर धरलेलाच असतो. आणि औषधात खोट निघाली, तर बॅच क्रमांक असलेलं ते बिलच तुमच्या हातातला पुरावा.