एब्स्टाइन विकृती : उजवे हृदय थकण्याआधी

1866 मध्ये ब्रेस्लाऊ येथे विल्हेल्म एब्स्टाइन यांनी 19 वर्षांच्या एका मजुराच्या शवविच्छेदनात त्रिदल झडपेची जी विकृती नोंदवली, तिचे रुग्ण आज तिशी-चाळिशीत आपल्याकडे येतात. जन्मजात हृदयदोषांत तिचा वाटा एक टक्क्याहून कमी. त्यामुळे ती नजरेतून सुटते. सापडली, तरी ‘आजवर निभावलंय ना, मग राहू द्या’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला आम्हांला मुळीच मान्य नाही.

या विकृतीत झडपेच्या पाकळ्या गर्भावस्थेत जवनिकेच्या भिंतीपासून नीट सुट्या होत नाहीत. झडप गळते, उजवे हृदय फुगत जाते. सारे इतके सावकाश घडते, की रुग्णाच्या ते अंगवळणी पडते. ‘दम लागतो का?’ असे विचारले तर तो ‘नाही’ म्हणतो, कारण जिने चढणे त्याने केव्हाच सोडलेले असते. म्हणून केवळ शब्दावर न विसंबता त्याला ट्रेडमिलवर चालवून पाहावे आणि उजव्या जवनिकेचा आकार व जोर एमआरआयवर नियमित मोजावा.

ब्राझीलचे शल्यविशारद जोसे पेद्रो दा सिल्वा यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या ‘कोन’ शस्त्रक्रियेने चित्र पालटले. चिकटलेल्या पाकळ्या सोडवून, फिरवून एकमेकींना शिवतात. तयार झालेला शंकू झडपेच्या मूळ कड्यावर बसवतात. रुग्णाच्या स्वतःच्याच ऊतींची झडप चहूबाजूंनी मिटू लागते. प्रौढांत मात्र काम नाजूक असते. कडे रुंदावलेले, पाकळ्या विरळ झालेल्या. उजवी रोहिणी टाक्यांच्या अगदी लगत, विद्युतवहनाची गाठही जवळच. जवनिका फारच दुबळी असेल, तर वरची महाशीर फुप्फुसधमनीला जोडून तिचा भार हलका करावा लागतो. दुरुस्ती शक्य नसेल, तेव्हा कृत्रिम झडप हा मार्ग उरतो.

अनेक रुग्णांत जादा विद्युतमार्ग असतात. त्यांचा शोध शस्त्रक्रियेआधीच घ्यावा, कारण झडप दुरुस्त झाल्यावर तिथवर कॅथेटर पोहोचवणे अवघड होते. कर्णिकांमधले छिद्र तर बहुतेकांत आढळते. तरुणपणी पक्षाघात झालेल्या रुग्णात त्याची आठवण ठेवावी.

आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच : श्रमक्षमता घटताना किंवा जवनिका वाढताना दिसली, की ओठ निळे पडण्याची वाट पाहू नका. ही शस्त्रक्रिया नेमाने करणाऱ्या केंद्राकडे रुग्णाला पाठवा. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीला तर आधीच पाठवा. थकून गेलेली जवनिका उत्तम शिवलेल्या झडपेनेही पूर्ववत होईलच असे नाही.