आमच्या बुलेटला शेपूट फुटते

माणसाला शेपूट नाही ही देवाने केलेली फार मोठी सोय आहे. पण ही सोय न सोसणाऱ्या माणसांची एक जात आहे आणि तिचे अखिल मुळशी तालुका प्रतिनिधी म्हणजे आमचे मेहुणे. त्यांनी फोनवर कुठल्याशा अमेरिकन जोडप्याचे चित्र पाहिले. पुढे भली दांडगी गोल्डविंग मोटारसायकल, मागे हुकाला अडकवलेली चिमुकली ट्रॉली, तिच्यात तंबू, शेगडी आणि गॉगल लावलेला कुत्रा!

"दाजी, आपल्या बुलेटला बसवू या की! आंबेमोहोराची दोन पोती एका खेपेत पुण्याला. उन्हाळ्यात ताईला घेऊन कोकणात जा, तंबू ठोका!"

मी तिथेच 'नाही' म्हणायला हवे होते. पण सासुरवाडीचा तांदूळ म्हटला की माझी तत्त्वे आधणाच्या पाण्यासारखी हलायला लागतात. शिवाय बुलेटवर टूर करणाऱ्या माणसाला सामानाचे दुःख असतेच. मी हो म्हटले.

मग सुरू झाला हुकाचा शोध. हूक म्हणजे काय, कुठलाही आकडा वाकवला की झाले, असा माझा समज होता. पौडच्या वेल्डरमामांनी तो मोडला. ट्रॅक्टरची पिन इथे चालत नाही. मोटारसायकल वळणावर कलते, ट्रॉली कलत नाही. म्हणून मधला सांधा खांद्याच्या हाडासारखा चहूकडे फिरणारा हवा. म्हणजे एक गोळा आणि त्यावर बसणारी वाटी. "आणि चेसिसला आच लावायची न्हाई," मामा म्हणाले, "पोलाद नरम पडतं. पट्ट्या घेऊन बोल्टांनी आवळा. वर साखळी पायजे, सांधा सुटला तर धरायला."

एवढे शहाणपण फुकट मिळत असताना ते घेतील तर ते मेहुणे कसले! अमेरिकेतल्या नकाशाबरहुकूम त्यांनी लेथवर पावणेदोन इंच आणि वर एक दोरा, म्हणजे 1 पूर्णांक 7/8 इंचाचा गोळा कातून आणला. तो भरतो 47.6 मिलिमीटर. वाटी मात्र मोटारीच्या जुन्या ट्रॉलीची मिळाली, ती 50 मिलिमीटरच्या गोळ्याची. "दोन-अडीच मिलिमीटरनं काय होतंय दाजी?" साखळी विहिरीवरच राहिली, कारण म्हशीला ती जास्त गरजेची होती.

आता हुकाचे पक्षपाती काय म्हणतात ते ऐका. अमेरिकेत चालते, इथे का नको? अहो, तिथेसुद्धा ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा म्हणून माणसे वजनकाटा घेऊन बसतात. ओझे चाकांच्या मागे गेले की ट्रॉली शेपूट हलवू लागते. दुसरे म्हणणे, बैलगाडी नाही का चालत? बैलाला अक्कल असते. उतारावर तो मागे रेटून गाडी धरतो. बुलेटला मागून ढकलले की ती फक्त पुढे जाते. तिसरे म्हणणे, साइडकार चालते मग ट्रॉली का नको? 1988च्या मोटार वाहन कायद्याने मोटारसायकलच्या व्याख्येतच सुटी होणारी साइडकार धरली आहे. ट्रॉली हे निराळे वाहन. त्याच कायद्याचे 52वे कलम वाहनाच्या मूळ घडणीत फेरफार करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019च्या जानेवारीत ते ठणकावून सांगितले. 2020 साली सरकारने मोटारसायकलवर हलका डबा बसवायची मुभा दिली, तीही 550 बाय 510 बाय 500 मिलिमीटरची. त्यात पोते मावत नाही हे खरे, पण मेहुणेही मावत नाहीत, हा फायदा केवढा!

हे सगळे ज्ञान मला नंतर झाले. आधी झाली ती चाचणी.

पौषातली सकाळ. पोती चढली. "हुकावर वजन नको, बुलेटला त्रास होतो," असे म्हणत मेहुण्यांनी दोन्ही पोती ट्रॉलीच्या पार मागच्या टोकाला लावली. तेवढ्यात त्यांचा सात वर्षांचा मुलगा पुढच्या मोकळ्या जागेत जाऊन बसला. "मी मागं बसणार! आत्याकडं जाणार!" मेहुणे हसले. मीही हसलो, हे कबूल करायला हवे. सासूबाईंनी मात्र त्याला बखोटीला धरून उतरवले. "पोरगं म्हंजे काय पोतं हाय का?" पोराने गाव डोक्यावर घेतले.

धरणाच्या कडेचा उतार लागला. आरशात पाहतो तो ट्रॉली डावी-उजवीकडे हिंदकळते आहे. मी घाबरून ब्रेक दाबला. मागच्या ओझ्याने दांडी आधीच वर उचलली जात होती. ढिली वाटी गोळ्यावरून टुणकन निघाली आणि आमचीच ट्रॉली आम्हाला ओव्हरटेक करून गेली! ना हॉर्न, ना हात. पुढच्या वळणावर ती वळली नाही. दरडीवरून कोलांट्या घेत खाली गेली आणि आंबेमोहोर पाण्याच्या कडेपर्यंत पांढरा सडा घालीत गेला.

आम्ही दोघे उभे राहिलो. मला काहीतरी विनोदी बोलायचे होते. बायको म्हणाली, "अहो, आई नसती तर?"

त्या प्रश्नावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. ह्याच धरणात गावे बुडू नयेत म्हणून 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मुळशीकरांनी सत्याग्रह केला. गावे बुडाली. पाणी भिऱ्याला उतरते, वीज मुंबईला जाते. कुणाच्या तरी मागे जोडले जाणे म्हणजे काय, हे ह्या तालुक्याला शिकवायला नको. सोय पुढच्याची, धक्के मागच्याचे, आणि हूक लावताना मागच्याला कुणी विचारीत नाही.

म्हणून माझे सांगणे स्पष्ट आहे. आपल्या वाटांवर, आपल्या वळणांवर, घरी कातलेल्या गोळ्याच्या भरवशावर मोटारसायकलला शेपूट लावू नका. सामान जास्त असेल तर कमी करा. कमी होत नसेल तर टेम्पो करा. तांदूळ हवा असेल तर एस.टी.ने जा, सासूबाईंच्या पाया पडा आणि मांडीवर मावेल तेवढाच आणा.

मेहुण्यांना हे पटले आहे. परवाच फोन आला, "दाजी, ट्रॉलीचा नाद सोडला. साइडकारचं काय म्हणता?"

मी फोन सासूबाईंना द्यायला सांगितला.