बँकांची जातपंचायत

पूर्वीं एखाद्या कुटुंबास वाळीत टाकावयाचें म्हणजे त्याचें पाणी, विस्तव आणि न्हावी बंद करीत. आज तेंच काम एका सभ्य पत्रानें होतें: ‘आपलें खातें अमुक तारखेपासून बंद करण्यांत येत आहे.’ पहिल्या प्रकाराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्कारबंदीचा कायदा केला. दुसऱ्या प्रकारास मात्र ‘व्यापारी निर्णय’ असें प्रतिष्ठित नांव मिळालें आहे. नांव प्रतिष्ठित असल्यानें कृत्य प्रतिष्ठित होत नाहीं, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें एका वाक्यांत सांगतां येईल. जो धंदा कायद्यानें मना केलेला नाहीं, त्याच्या चालकास केवळ धंद्याच्या नांवावरून साधें चालू खातें नाकारण्याचा अधिकार कोणत्याहि बँकेस असतां कामा नये. आम्ही बंदुकांचे भोक्ते नाहीं, आणि आभासी चलनाचा सट्टा आम्हांस इतर कोणत्याहि सट्ट्याइतकाच अप्रिय आहे. परंतु न्यायबुद्धीची परीक्षा आवडत्या माणसाच्या बाबतींत कधींच होत नाहीं. ती नावडत्याच्या बाबतींतच होते.

या प्रश्नाचें उघडेंनागडें स्वरूप अमेरिकेंत दिसून आलें. २०११ सालीं तेथील ठेवींचा विमा उतरविणाऱ्या सरकारी महामंडळानें बँकांपुढें जोखमीच्या धंद्यांची एक यादी ठेवली, आणि तींत शस्त्रें व दारूगोळा यांच्या विक्रीचा समावेश होता. २०१३ सालीं न्यायखात्यानें ‘ऑपरेशन चोक पॉइंट’ नांवाची मोहीम सुरू केली. गळा आवळण्याचा हेतु तिच्या नांवांतच आहे. बोभाटा झाल्यावर २०१४ सालीं यादी मागें घेण्यांत आली व २०१७ सालीं मोहीमहि संपली. पुढें फेब्रुवारी २०१८ मध्यें फ्लोरिडांतील पार्कलंडच्या शाळेंत १७ जणांची हत्या झाली. कोणाचेंहि काळीज फाटावें असाच तो प्रसंग होता. मार्चमध्यें सिटी बँकेनें ठरविलें कीं, २१ वर्षांखालील गिऱ्हाइकास बंदूक विकणाऱ्या दुकानदाराशीं आपण व्यवहार ठेवणार नाहीं. संघराज्याचा कायदा तर १८ वर्षांच्या माणसास रायफल विकण्यास मुभा देत होता! वयाची जी मर्यादा लोकप्रतिनिधींनीं ठरवावयाची, ती बँकेच्या संचालकांनीं ठरविली. जून २०२५ मध्यें त्याच बँकेनें तें धोरण सोडून दिलें. एका वाऱ्याबरोबर आलें आणि दुसऱ्या वाऱ्याबरोबर गेलें. मतदारास दोन्ही वेळां कोणीं विचारलें नाहीं.

याहूनहि वाईट प्रकार म्हणजे सरकारनें पडद्याआड राहून बँकेच्या हातानें शत्रूचा कांटा काढणें. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तखात्याच्या प्रमुख बाईंनीं बँका व विमा कंपन्यांवर दडपण आणून त्यांस बंदूकवाल्यांच्या संघटनेशीं संबंध तोडावयास लावलें, असा आरोप होता. त्या खटल्यांत ३० मे २०२४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तत्त्व सांगितलें: सरकारास जें मत स्वतः दडपतां येत नाहीं, तें धाक घालून दुसऱ्याकरवीं दडपण्याचाहि त्यास अधिकार नाहीं.

आतां आपल्या घरचें उदाहरण घेऊं. ६ एप्रिल २०१८ रोजीं रिझर्व्ह बँकेनें मुंबईहून एक परिपत्रक काढलें आणि आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्यांस कोणतीहि सेवा देऊं नये, चालू संबंध तीन महिन्यांत तोडावे, असें सर्व बँकांस बजावलें. त्या वेळीं तो व्यवहार कोणत्याहि कायद्यानें निषिद्ध नव्हता. संसदेनें जें केलें नव्हतें, तें एका परिपत्रकानें साधलें. झेबपेनें सप्टेंबर २०१८ मध्यें येथील बाजार बंद केला. मुंबईची कॉइनेक्स जून २०१९ मध्यें मिटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि ४ मार्च २०२० रोजीं न्या. नरिमन, न्या. बोस व न्या. रामसुब्रमणियन यांनीं तें परिपत्रक रद्द केलें. रिझर्व्ह बँकेस अधिकार आहे, हें न्यायालयानें मान्य केलें. परंतु या धंद्याशीं संबंध ठेवल्यामुळें कोणत्या बँकेचें काय नुकसान झालें, हें ती दाखवूं शकली नाहीं. रोगाच्या मानानें उपाय अवाजवी ठरला. तरीहि कांहीं बँका त्या मेलेल्या परिपत्रकाचा दाखला ग्राहकांस देतच राहिल्या. तेव्हां ३१ मे २०२१ रोजीं रिझर्व्ह बँकेसच त्यांना सांगावें लागलें कीं, हा आधार आतां वैध नाहीं. पुढें एप्रिल २०२२ पासून सरकारनें या व्यवहारांतील नफ्यावर शेंकडा ३० कर बसविला. ज्याच्या कमाईचा हिस्सा सरकार हक्कानें घेतें, त्यास कमाई ठेवावयास जागा मिळूं नये, हा कोणता न्याय?

दिल्ली-न्यूयॉर्कच्या या भांडणांशीं खामगांवचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आमचें गांव कापसाच्या आणि चांदीच्या पेठेवर नांवारूपास आलें. मौल्यवान धातूंच्या व्यापाऱ्यांस रोखीच्या मोठ्या व्यवहारांपुरता डिसेंबर २०२० पासून काळ्या पैशाविरुद्धचा कायदा लागू आहे, आणि ती देखरेख योग्यच आहे. परंतु उद्यां एखाद्या बँकेनें ‘चांदीचा धंदा जोखमीचा’ असा शेरा मारून अवघ्या पेठेचीं खातीं मिटविलीं, तर प्रामाणिक सराफानें दाद कोणाकडे मागावी? रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं शेतकऱ्यास बंदुकीचा परवाना देण्याची सोय आपल्या कायद्यांत आहे. ती बंदूक विकणारा दुकानदारहि परवान्याशिवाय दुकान उघडूं शकत नाहीं, आणि त्याच्या साठ्याच्या वह्या सरकारास केव्हांहि तपासतां येतात. सरकारनें पारखलेल्या त्या माणसास बँकेच्या शाखाधिकाऱ्यानें पुन्हां कोणत्या कसोटीवर पारखावें?

याला पहिलें उत्तर असें मिळतें कीं, बँक ही खासगी पेढी आहे. कोणाशीं व्यवहार करावा हा तिचा प्रश्न. हें उत्तर सावकाराच्या तोंडीं शोभेल, बँकेच्या नाहीं. १९४९ च्या कायद्याप्रमाणें परवाना घेतल्यावांचून कोणास बँक काढतां येत नाहीं. तिच्या ठेवींस ५ लाखांपर्यंत विम्याचें कवच आहे. नाकारलेल्या व्यापाऱ्यानें ‘आम्ही आमची बँक काढूं’ म्हटलें, तर कायदा त्याचा हात धरतो. जेथें दार एकच आणि द्वारपाल सरकारनें नेमलेले, तेथें द्वारपालाच्या लहरीस स्वातंत्र्य म्हणणें ही थट्टा आहे. १८७० सालीं जलंबहून खामगांवास आगगाडी आली. १८९० च्या रेल्वे कायद्यानें आगगाडीवाल्यांस बजावलें कीं, एका व्यापाऱ्यास गैरवाजवी सवलत व दुसऱ्याची अडवणूक चालणार नाहीं. कापसाच्या गांठीस जो न्याय परकीय सरकारनें दिला, तो पैशास स्वराज्यांत मिळूं नये काय?

दुसरें उत्तर सदसद्विवेकाचें. बँकेनें पापाच्या धंद्यास भांडवल कां पुरवावें? न पुरवो! कर्ज देणें आणि खातें ठेवणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. कर्जांत बँक पैसा धोक्यांत घालते. तेथें तिनें हजार वेळां विचार करावा. खात्यांत पैसा गिऱ्हाइकाचाच असतो. आणि विवेकाचें हें शस्त्र एकदां हातीं दिलें कीं तें बंदूकवाल्यापाशीं थांबत नाहीं. आज बंदूक, उद्यां तंबाखू, परवां मांस, आणि तेरवां अप्रिय मत छापणारें मासिक!

तिसरें उत्तर गुन्ह्याचें आहे, व तें आम्ही हलकें मानीत नाहीं. पण संशयास्पद व्यवहार कळविण्याची वाट २००२ च्या कायद्यानें बँकांस घालून दिली आहे. संशय व्यक्तीच्या व्यवहारावर घ्यावा; अवघ्या धंद्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें हा तपासाचा आळस आहे.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. खातें नाकारतांना किंवा मिटवितांना बँकेनें लेखी कारण द्यावें. तें कारण त्या ग्राहकाच्या वर्तनांतलें असावें, धंद्याच्या नांवांतलें नसावें. दुसरी सोय पाहण्यास पुरेशी मुदत द्यावी. आणि या निर्णयावर अपील असावें. २०२१ च्या लोकपाल योजनेंत बँकेचा ‘व्यापारी निर्णय’ तक्रारीच्या कक्षेबाहेर ठेवला होता. निदान साध्या खात्यापुरता तो आडपडदा दूर झाला पाहिजे.

एखादा धंदा समाजास घातक वाटत असेल, तर विधिमंडळांत उघड चर्चा करून तो बंद करावा. आम्हीहि कदाचित् त्या बाजूनें मत देऊं. पण तोंवर ज्यास कायद्यानें पंक्तींत बसविलें आहे, त्याच्या पुढचें पान उचलण्याचा अधिकार वाढप्यास नाहीं.