कंपनी कुठे काढायची, हे कोण ठरवणार?

आमचं मालेगाव म्हटलं की बाहेरच्या मैत्रिणींना नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं मालेगाव आठवतं. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. जुनी माणसं त्याला मालेगाव जहांगीर म्हणतात. तालुक्याचं गाव, सोयाबीन-तुरीचा मुलूख. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम वेगळा झाला, तेव्हापासून आम्ही वाशिमकर. २०१८ साली नीती आयोगानं देशातल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी केली. त्यात महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव आणि आमचं वाशिम असे चार जिल्हे होते. मागास म्हणायचं नाही म्हणून आकांक्षित म्हटलं. पण आकांक्षा नेमकी कोणाची, हे मात्र कोणी विचारलं नाही.

ज्यांना खरोखरच आकांक्षा आहे अशा तीन मुलींमुळे हा लेख लिहिते आहे. तिघी आमच्या तालुक्यातल्या, संगणक शिकलेल्या. एकीनं पुण्यात, तर दुसरीनं अमरावतीत नोकरी करून पाहिली. तिसरी घरी बसून बाहेरची कामं करते. बचत गटांचे हिशेब आणि शेतकरी कंपन्यांच्या सोयाबीन खरेदीच्या नोंदी मोबाईलवर ठेवता येतील असं सॉफ्टवेअर त्यांना तयार करायचं आहे, आणि त्याची स्वतःची कंपनी काढायची आहे. त्यांनी मला विचारलं, "ताई, कंपनी कोणत्या शहरात काढावी? पुणे, नागपूर की बंगळुरू?"

हा प्रश्न आजकाल सगळीकडे विचारला जातो, आणि उत्तरंही ठरलेली असतात. भांडवल कुठे मिळतं, गिऱ्हाईक कुठे आहे, हुशार माणसं कुठे मिळतात, विमानतळ किती लांब आहे, एवढं पाहायचं आणि शहर निवडायचं. या उत्तरांतल्या माणसाला घर नसतं. त्याच्यासाठी स्वयंपाक कोण करतं ते कळत नाही. त्याला रात्री दहानंतर रस्त्यानं चालायची भीती वाटत नाही. भाड्याची खोली मागताना त्याचं लग्न कधी आहे असं कोणी विचारत नाही. थोडक्यात, तो माणूस पुरुष असतो आणि त्यातही बहुधा वरच्या जातीतला.

या विषयावरची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट इन्फोसिसची. १९८१ साली सात इंजिनिअरांनी ही कंपनी पुण्यात काढली. सातही पुरुष होते. भांडवल होतं दहा हजार रुपये, आणि ते नारायण मूर्तींना सुधा मूर्तींनी आपल्या बचतीतून दिलं होतं. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये कंपनी बंगळुरूला गेली, कारण तिचं इथलं पहिलं मोठं गिऱ्हाईक, मायको ही कंपनी, तिथे होतं. शहर निवडण्याचा धडा म्हणून ही गोष्ट सांगतात: गिऱ्हाईक असेल तिथे जा. धडा खरा आहे.

पण त्याच गोष्टीत दुसराही धडा आहे. सुधा मूर्ती स्वतः इंजिनिअर होत्या. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नये' असं वाचून त्यांनी जे. आर. डी. टाटांना पत्र लिहिलं आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली. अशा बाईला इन्फोसिसमध्ये जागा नव्हती. नवरा-बायको दोघांनी एका कंपनीत असायचं नाही, असं ठरलं. दोघांनीही ही हकिकत जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. त्यांनी आपसात काय ठरवावं हा त्यांचा प्रश्न. पण आपण मात्र लक्षात ठेवायला हवं की पैसे बाईच्या डब्यातले, पदवी तिच्याकडेही, तरी दोघांपैकी एकानं बाहेर राहायचं म्हटल्यावर बाहेर कोण राहणार हे न बोलताच ठरलेलं होतं. कंपनी पुण्यात राहिली असती तरी हे बदललं नसतं.

म्हणून मी या मुलींना म्हटलं, शहरांची तुलना जरूर करू या, पण आपल्या हिशेबानं. बाईच्या हिशेबात पहिली रक्कम वेळेची. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ८८. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास आधीच वजा. जो धंदा दिवसाला बारा-चौदा तास मागतो, त्यात ती उतरते तेव्हा हे पाच तास कोणाच्या वाट्याला जाणार?

दुसरी रक्कम रस्त्याची. पुण्यात २००७ आणि २००९ साली कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या दोन तरुण नोकरदार स्त्रियांवर टॅक्सीचालकांनी बलात्कार करून त्यांचे खून केले. पुढे २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यानं बाईच्या संमतीनं रात्रपाळी खुली केली आणि तिच्या संरक्षणाची व वाहतुकीची जबाबदारी मालकावर टाकली. पण जी स्वतःच मालक आहे तिच्या रात्रीच्या प्रवासाची जबाबदारी कोणावर? मोठ्या कंपनीची गाडी तिला आणायला येणार नाही.

तिसरी रक्कम खोलीची. वसतिगृहाचं दार रात्री दहाला बंद, पाहुण्याला बंदी, आणि घरमालकाला आधी आडनाव सांगायचं. आमच्या बौद्ध, मुसलमान आणि बंजारा मुली शहरात खोली शोधतात तेव्हा त्यांच्या चपला किती झिजतात, ते त्यांनाच विचारा. या सगळ्याचा पैशात हिशेब मांडला तर एकाच शहरात तेच काम सुरू करायला बाईला पुरुषापेक्षा जास्त खर्च येतो. तो कोणत्याही यादीत दिसत नाही.

मग गावातच काढावी का कंपनी? हल्ली तेही मोठ्या कौतुकानं सांगतात. तामिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात झोहो कंपनीनं २०११ साली आपलं कार्यालय उघडलं आणि पुढे तिचे संस्थापक स्वतः तिकडे राहायला गेले. चांगली गोष्ट आहे. गावाकडे काम यायलाच हवं. पण मोठं नाव कमावून गावी परतलेल्या पुरुषाला लोक त्यागी म्हणतात. मुलगी परतली तर म्हणतात, "जमलं नसन तिले पुण्यात." पंधरा दिवसांत स्थळं यायला लागतात. तिघींपैकी एकीच्या आजीनं तर स्पष्टच सांगितलं, "पुण्याले जायचंच असन तं लगन करून नवऱ्यासंगं जाय." म्हणजे शहर बदलायला हरकत नाही, फक्त ते तिनं स्वतः निवडायचं नाही!

गावात खर्च कमी येतो हेही अर्धसत्य आहे. खोलीचं भाडं नाही, खानावळ नाही, कपडे धुवायला कोणी लावायला नको, कारण हे सगळं घरात आई करते, फुकट. मुलाच्या कंपनीला आईचे कष्ट हे असं बिनव्याजी भांडवल मिळतं. मुलीला मात्र तेही पूर्ण मिळत नाही, कारण ती घरात असेल तर आईच्या हाताखाली तिनंही राबायचं असतं. स्वस्ताईचं गणित मांडताना आईची मजुरी धरली पाहिजे. ती धरली की गाव तितकंसं स्वस्त राहत नाही.

रस्त्याचंही तसंच. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. आमच्या तालुक्यातून तो जातो. पण त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. आमच्या मुलींकडे असलीच तर स्कूटी. ज्यांच्याकडे चारचाकी त्यांचं अंतर घटलं. आमच्यासाठी अजून लाल डबाच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं आमच्या मुलींच्या फेऱ्या नक्की वाढल्या. मालेगावच्या मुलीला नागपूर जवळ करण्याचं काम महामार्गापेक्षा या अर्ध्या तिकिटानं जास्त केलं असं मला वाटतं.

आता पैशाचं. बँकेत गेलं की तारण विचारतात. शेत वडिलांच्या नावावर, पुढे भावाच्या. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. पण हक्कसोड पत्रावर सही करून माहेर टिकवण्याची रीत काही संपलेली नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावानं जमीन करून देण्याचं आवाहन गावोगाव झालं. तो प्रश्न तेव्हा नांगराचा वाटला. आज तो संगणकाचाही आहे. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तिला शहर निवडण्याचं स्वातंत्र्य आहे असं म्हणणं ही थट्टा आहे.

सरकारी योजना आहेत. २०२४ मध्ये राज्यानं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं महिला स्टार्टअप योजना आणली. एक लाख ते पंचवीस लाखांपर्यंत अनुदान, निदान ५१ टक्के वाटा बाईचा हवा. अट चांगली. पण कंपनी वर्षभर चाललेली आणि वार्षिक उलाढाल दहा लाख ते एक कोटी असावी, अशाही अटी आहेत. ज्या पहिल्या वर्षात मुलगी एकटी पडते, घरचे 'आता पुरे' म्हणतात, नेमकं ते वर्ष वगळलेलं.

आणि वाट्याचं म्हणाल तर आपल्याला सह्यांचा अनुभव आहे. २०२४ अखेर देशात १ लाख ५७ हजार मान्यताप्राप्त स्टार्टअप होते आणि त्यातल्या ७३ हजारांहून अधिक कंपन्यांत निदान एक बाई संचालक आहे असं सरकार सांगतं. आकडा आनंदाचा. पण आपण सरपंच बायका पाहिल्या आहेत. खुर्चीत ती, शिक्का नवऱ्याच्या खिशात. खऱ्या कारभारणी होईपर्यंत त्यांना आणि आपल्याला किती झगडावं लागलं! कंपन्यांतही तेच विचारावं लागेल: सही कोणाची, आणि निर्णय कोणाचा?

मला एक वेगळं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. सातारा जिल्ह्यातलं म्हसवड, दुष्काळी माण तालुका. मुंबईत वाढलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर तिथे राहिल्या, आणि १९९७ साली तिथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बायका निरक्षर आहेत म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. जिथे पैसा आहे तिथे बँक काढायची, असा विचार केला असता तर म्हसवड कोणाच्या यादीत आलं नसतं. बायका जिथे आहेत तिथे बँक गेली. तिचं गिऱ्हाईक तिथेच होतं, म्हणजे धंद्याच्या नियमानंही जागा बरोबरच होती.

म्हणून माझं मत असं. या मुलींचं गिऱ्हाईक वाशिम जिल्ह्यातले बचत गट आहेत, तर पहिली दोन वर्षं काम मालेगावात करावं, पण घरात बसून नाही. वेगळी भाड्याची खोली, दाराला स्वतःचं कुलूप, बँकेचं खातं तिघींच्या सहीचं. गिऱ्हाईक वाढून पुण्या-नागपूरला जायची वेळ आली तर जरूर जावं, त्यात गावाशी बेइमानी नाही. मात्र कोणतंही ठिकाण निवडताना चार प्रश्न विचारावेत. तिथे माझा वेळ माझा राहील का? रात्री परतता येईल का? पैशावर सही माझी असेल का? आणि अन्याय झाला तर दाद कुठे मागायची?

हा चौथा प्रश्न लहान कंपनीला फार लागू आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. नव्या कंपन्या बहुतेक अशाच पाच-सहा जणांच्या. म्हणून आपापल्या जिल्ह्यातली स्थानिक समिती कागदावर आहे की कामावर, हे प्रत्येक गटानं जाऊन पाहावं.

आणि हे केवळ त्या तिघींवर सोडून चालणार नाही. 'स्टार्टअप' हा श्रीमंतांच्या पोरांचा खेळ म्हणून आपल्या चळवळीनं आजवर त्याकडे पाठ फिरवली. पण तालुक्यातल्या शिकलेल्या मुली आता तिथेच उभ्या आहेत. आपल्या मागण्या साध्या आहेत. तालुक्याच्या गावी वीज आणि इंटरनेट असलेली, रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी कामाची खोली. जिल्ह्याच्या गावी नोकरी-धंदा करणाऱ्या बायकांसाठी, बाळाला सोबत ठेवता येईल असं वसतिगृह. पहिल्या वर्षासाठी बिनतारण कर्ज. पन्नास माणसं असतील तरच पाळणाघर, असं २०१७ चा कायदा म्हणतो. पाच-पाच जणींच्या दहा कंपन्यांना मिळून एक पाळणाघर द्यायला काय हरकत आहे?

मैत्रिणींनो, तुमच्या तालुक्यातही अशा मुली असतील. त्यांना शहराचं नाव सांगण्याआधी त्यांच्यासोबत बसून हा हिशेब मांडा, आणि तुमच्याकडचे आकडे काय येतात ते आम्हाला जरूर कळवा. मागणीपत्र घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाताना ते आपल्याला लागणार आहेत.