ओव्हन तापत नाही, डोकं तापतं

गेल्या शनिवारी कोपरगावला घरी गेलो. चहा पुढ्यात येतोय तोवर वहिनीने बातमी दिली, "भाऊजी, ओव्हन गेला. दोन केकच्या ऑर्डरी परत केल्या मी."

वहिनी घरून केक करून देते. धंदा काही फार मोठा नाही, पण पुतणीच्या क्लासची फी त्यातून निघते. ओव्हन तीन वर्षांचा, म्हणजे वॉरंटी संपलेली. कंपनीचा माणूस नाशिकहून येऊन गेला होता. व्हिजिटचे 450 रुपये घेतले, बटणं फिरवून पाहिली आणि मागचं झाकण न उघडताच निकाल दिला: "अख्खं पॅनल बदलावं लागेल, 3,800. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवा घ्या ना मॅडम."

कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात "अरे, तू ती अमुक कंपनी घ्यायला हवी होतीस", आणि मूळ विषय राहतो बाजूला.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्यात बिघाड शोधताना निदान लॉग तरी मिळतो. इथे एरर नाही, मेसेज नाही, नुसता गारठा. तरी पद्धत तीच. कुठपर्यंत चालतंय ते आधी बघायचं.

पहिली शंका व्होल्टेजची. आपल्याकडे संध्याकाळी ते किती खाली जातं हे सांगायला नको. 230 ला 1500 वॅट देणारा ओव्हन 180 व्होल्टला साधारण 920 वॅटच देतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. केक मध्ये कच्चा राहतो आणि बोलणी खाते बिचारी रेसिपी! पण सॉकेटला 228 निघाले. आणि कमी व्होल्टेजला ओव्हन हळू तापतो, पार गार राहत नाही.

टायमर टिकटिकत होता, लाल दिवाही लागत होता. या ओव्हनमध्ये दिवा टायमरच्या पुढे जोडलेला आहे, म्हणजे तिथपर्यंत वीज पोचत होती. वर दोन रॉड, खाली दोन. वरची जोडी सिरीजमध्ये, खालचीही. एक रॉड तुटला तर त्याची जोडी मरेल, पण दुसरी तापेल. इथे बटण वर, खाली, दोन्ही, कुठेही ठेवा, चारही थंड. चार रॉड एकाच दिवशी कसे जातील? दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर हवा: थर्मोस्टॅट, नाहीतर ते वर-खालीचं बटण.

प्लग काढला. (नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून हात घालू नका, प्लगच काढा.) मागचं झाकण नऊ स्क्रूंचं. त्यातले दोन तिकोनी खाचेचे, साध्या स्क्रूड्रायव्हरला न जुमानणारे. हे दोन स्क्रू कशासाठी? झाकण घट्ट बसायला सात पुरेसे होते. ते दोन तुम्हाआम्हाला बाहेर ठेवायला आहेत.

मल्टीमीटर लावला. प्रत्येक रॉड 35 ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. वर-खालीचं बटणही बरोबर. थर्मोस्टॅटचा नॉब मात्र 250 वर नेला तरी मीटर हलेना. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापली की वाकते आणि संपर्क तोडते, निवली की परत जोडते. प्रत्येक तोडजोडीला साडेसहा अँपियरची ठिणगी. तीन वर्षं केक भाजून ते टोक कोळशासारखं काळं झालं होतं. पॉलिश पेपरने घासून तात्पुरतं चाललं असतं, पण वरचा थर गेला की ते पुन्हा जळणारच. गावातल्याच इलेक्ट्रिकच्या दुकानात त्याच मापाचा, 16 अँपियरचा थर्मोस्टॅट मिळाला. 280 रुपये.

280 आणि 3,800. माझा राग या दोन आकड्यांच्या मधल्या जागेवर आहे.

त्या मेकॅनिकवर नाही हं. त्याला कंपनीने ना आकृती दिली, ना सुटा भाग. त्याच्याकडच्या यादीत "थर्मोस्टॅट" हा शब्दच नाही, "पॅनल असेंब्ली" आहे. म्हणजे निदान करायची सोयच काढून घेतली. आमच्या आजीकडे गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणात कॉइल आणि मधोमध काच. कॉइल तुटली की आजोबा बाजारातून नवी आणून ताणून खाचेत बसवायचे. ते काही इंजिनियर नव्हते. (नानकटाई मात्र दिवाळीला बेकरीच्या भट्टीतूनच भाजून यायची, तो वास वेगळाच.) जुन्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर तर सर्किटचं चित्र चिकटवलेलं असे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी." विजेशी खेळ नको हे मान्य, शंभर टक्के मान्य. पण मग आकृती आणि सुटे भाग गावातल्या शिकलेल्या वायरमनला तरी द्या! त्यालाही देत नाही, म्हणजे सुरक्षितता कोणाची, ग्राहकाची की विक्रीची?

सरकारला हे कळत नाही असंही नाही. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही काढलं. फ्रान्सने 2021 पासून लॅपटॉप, मोबाईल, वॉशिंग मशीन असल्या वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडे पोर्टल आहे, पण वहिनीच्या ओव्हनमागचे तिकोनी स्क्रू जागच्या जागी आहेत. दुकानात उभं राहून आपण लिटर विचारतो, रंग विचारतो. "थर्मोस्टॅट सुटा मिळतो का?" हे मीही कधी विचारलेलं नाही. हा ओव्हन मीच पसंत केला होता, आता बोला!

रविवारी सकाळी जोडणी केली, अर्थिंगची वायर तपासली, मीटरचा तापमानाचा प्रोब आत सोडला. नॉब 180 वर, आत 195. वहिनीला सांगितलं, काटा जरा अलीकडे ठेव. तिने आधी रिकामा ओव्हन अर्धा तास तापवून बघितला, मग एक छोटा केक टाकला, मगच परत केलेल्या दोघींना फोन केला. एकीने दुसरीकडून घेतला होता. दुसरी म्हणाली, बुधवारी चालेल.

संध्याकाळी नाशिकच्या त्या मेकॅनिकचा फोन आला, एक्स्चेंजचं काय ठरलं विचारायला. मी घडलेलं सांगितलं. तो क्षणभर गप्प, मग हळूच म्हणाला, "साहेब, त्या थर्मोस्टॅटचा फोटो पाठवता का? आणि दुकान कुठलं?"

पाठवला.